कामगारांच्या तब्येतीसाठी पैसे नेमके कुठं घालावेत?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्यांची कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे, म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचा कारखाना, आणि तिला लागून मशीन शॉप, जिथं त्या ओतीव भागांवर यंत्रकाम होतं. ठेकेदाराची माणसं धरून १८० च्या आसपास लोक. खाडे वाढलेत, वर्षभरात चाळिशीतल्या दोघांना हार्ट अटॅक आला. २१ जूनला योग झाला, एक आरोग्य शिबिर झालं, पुढं काहीच नाही. आता एका एजन्सीनं वेलनेस पॅकेजचं कोटेशन दिलंय : मोबाइल ॲप, पावलं मोजायची स्पर्धा, वर्षातून एकदा रक्ततपासणी, वर्षाला चार लाख. घ्यावं का? शिवाय शेवटी एक वाक्य आहे, "आमच्या लोकांना स्वतःच्या तब्येतीची फिकीरच नाही, त्यांना चांगल्या सवयी कशा लावू?"

मी कारखान्यांचा डॉक्टर. भोसरी-चाकणपासून गोकुळ शिरगाव-कागलपर्यंत फाउंड्र्या, फोर्जिंग आणि मशीन शॉपमध्ये ठरलेल्या दिवशी जातो, तपासण्या करतो, शेडमधून फिरतो. माझं उत्तर : पॅकेज घेऊ नका, निदान या वर्षी तरी नको. आणि ते शेवटचं वाक्य जरा बाजूला ठेवा. फर्नेसवर, म्हणजे भट्टीवर, उभ्या असलेल्या माणसाची दिवसाची पावलं मोजलीत तर तुमच्या-माझ्यापेक्षा जास्तच भरतील. त्याला ॲपवर शाबासकी देऊन काय होणार?

प्रश्न असा घ्या : आपल्या छपराखाली रोज आठ-दहा तास काढताना या माणसाच्या शरीराला काय काय सोसावं लागतं, आणि त्यातलं काय माझ्या सहीनं बदलू शकतं? त्याच्या घरचं जेवण, त्याची झोप, त्याचं व्यसन इथवर मालकाचा हात फारसा पोचत नाही. शेड, पाळ्या, ओटी (ओव्हरटाइम), पगाराची पद्धत मात्र सगळी तुमच्याच टेबलावर ठरते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहणार, हे आधीच कबूल करतो. तुमच्याकडं रोज किती ओतकाम होतं, वाळू कुठली, ठेकेदाराची माणसं किती आणि दर सहा महिन्यांनी बदलतात का, बायका किती, गिऱ्हाईक डिलिव्हरीसाठी किती मागं लागतं, यानुसार क्रम बदलेल. त्या दोन अटॅकचं कारण काम होतं की तंबाखू, साखर, बीपी, घराण्यातला दोष, हेही इथं बसून सांगता येणार नाही. बहुतेक वेळा हे सगळं थोडं थोडं असतं.

पॅकेजबद्दलचं मत नुसतं अनुभवावरचं नाही. अमेरिकेत बीजेज् होलसेल क्लब या दुकानांच्या साखळीत १६० ठिकाणच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर याची नीट परीक्षा झाली. त्यातल्या २० ठिकाणी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून, असाच वेलनेस कार्यक्रम राबवला. २०१९ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. दीड वर्षानं "मी नियमित व्यायाम करतो, वजनाकडं लक्ष देतो" असं सांगणारे वाढले होते. पण वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, औषधोपचाराचा खर्च, गैरहजेरी यात दखल घ्यावी असा फरक पडला नव्हता. इलिनॉय विद्यापीठानं आपल्याच कर्मचाऱ्यांवर केलेल्या अशाच प्रयोगात आणखी एक गोष्ट उघड झाली : असल्या कार्यक्रमांत जे भाग घेतात ते मुळातच धडधाकट आणि आधीपासून दवाखान्यावर कमी खर्च करणारे असतात. एजन्सीवाले तुम्हाला 'भाग घेणारे विरुद्ध न घेणारे' असा तक्ता दाखवतील, तेव्हा हे आठवा.

उलट बाजूनं, लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७ मध्ये सुरू झालेला व्हाइटहॉल अभ्यास बघा. सगळे कचेरीतले, सगळ्यांना कायमची नोकरी. तरी सगळ्यात खालच्या श्रेणीतले लोक हृदयविकारानं वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट मरत होते. बिडी-सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा करूनही फरक उरलाच. पुढच्या संशोधनात एक सूत्र पुन्हा पुन्हा आलं : आपल्या कामावर आपला ताबा किती. माझ्या शेडच्या भाषेत सांगायचं तर पाणी प्यायला किंवा लघवीला जायला सुपरवायझरचं तोंड बघावं लागतं का, आणि उद्याची पाळी आज रात्री कळते का.

आता शेडमध्ये या. फाउंड्रीत पहिला नंबर धुळीचा, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण चार लाखांतला मोठा वाटा इथं गेला पाहिजे. वाळूतल्या सिलिकाची जी धूळ फुप्फुसात खोल जाते ती केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक असते. डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती जाड धूळ नाकातच अडकते. त्यामुळे "आमच्याकडं आता पूर्वीसारखी धूळ नाही हो" हे वाक्य मी मनावर घेत नाही. या धुळीनं फुप्फुसाला होणारा आजार म्हणजे सिलिकोसिस; तो झाला की बरा होत नाही, काम सोडलं तरी वाढू शकतो, आणि अशा माणसाला टीबी होण्याचा धोका बराच जास्त असतो. वर्षानुवर्षं खोकणारा फेटलर, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करणारा कामगार, टीबीच्या गोळ्यांचा कोर्स दोनदा करून परत खोकत येतो, तेव्हा त्याची छाती कामाच्या अंगानं कुणी बघितलेलीच नसते.

एक काम करा. पाळी सुटायच्या दहा मिनिटं आधी नॉकआउटजवळ, म्हणजे वाळूचा साचा फोडून ओतीव भाग बाहेर काढतात तिथं, जाऊन उभे राहा. माणसं कॉम्प्रेसरची एअर गन घेऊन एकमेकांचे कपडे झटकत असतील : आधी छाती, मग पाठ, मग डोक्यावरून. घरी स्वच्छ जायचं म्हणून. दिवसभर अंगावर बसलेली धूळ त्या पाच मिनिटांत थेट नाकासमोर उडते. शेजारी दुसरा कोरड्या झाडूनं शेड झाडत असतो. या दोन गोष्टी बंद करायला फार मोठा खर्च लागत नाही : औद्योगिक व्हॅक्यूम क्लिनर, कपडे बदलायला खोली, कंपनीनं धुऊन दिलेला युनिफॉर्म आणि अंघोळीला पाणी. फक्त एक सावधगिरी. धूळ बसवायला पाणी मारायचं ते फर्नेस आणि ओतकामापासून लांब. वितळलेल्या धातूखाली ओल राहिली तर वाफेचा स्फोट होतो, जुन्या माणसांना विचारा.

त्यानंतर नॉकआउट आणि फेटलिंगला हुड-डक्टिंगसह एक्झॉस्ट, म्हणजे धूळ जागीच ओढून नळ्यांतून बाहेर नेणारा पंखा. बऱ्याच ठिकाणी ते बसवलेलं असतं. ऑडिटच्या दिवशी चालतं आणि एरवी बंद, कारण मोटर जळालीय किंवा फिल्टर तुंबलाय. तुमच्याकडं असेल तर आधी ते दुरुस्त करा. मास्कचा नंबर शेवटी. नाकाला गुंडाळलेला रुमाल या धुळीला अडवत नाही. एन-९५ अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच, आणि दाढी वाढलेली असेल तर बसत नाही. मालक लोक उलट्या क्रमानं जातात : मास्कचा खोका आणतात, कामगार घालत नाहीत म्हणून चिडतात आणि तिथंच थांबतात.

आवाजाबद्दल थोडक्यात. हाताच्या अंतरावर उभ्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल तर तिथं ८५ डेसिबलच्या आसपास आहे असं धरा. आपल्याकडची कायद्याची मर्यादा आठ तासांना ९०. फेटलिंगचा ग्राइंडर ती सहज ओलांडतो. इअर प्लग द्या, पण घालायला शिकवा : फोमचा प्लग बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा, मग आत सरकवायचा. नुसता कानाच्या दारात टेकवलेला प्लग शोभेचा.

उष्णतेत नवीन माणसाकडं बघा. झारखंड-ओडिशाहून काल आलेला हेल्पर आज पूर्ण पाळी फर्नेसवर लावू नका. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी उष्ण जागी पाळीचा पाचवा हिस्सा आणि मग रोज तेवढाच वाढवत न्यायचं, हा नव्या माणसासाठी वापरला जाणारा हिशेब. गावाकडून महिन्यानं परतलेल्या जुन्या माणसालाही दोन-तीन दिवस सवलत हवी. पाणी तहान लागण्याची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी एक भांडं. म्हणजे पाणी फर्नेसपासून चार पावलांवर पाहिजे. ऑफिसच्या जिन्याखालचा कूलर कामाचा नाही.

मशीन शॉपमध्ये वेगळं दिसेल. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या ऑपरेटरची कंबर का दुखते? कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, बिन जमिनीवर ठेवलेली असते. एका पाळीत दोन-तीनशे वेळा तो वाकून आठ-दहा किलोचा जॉब उचलतो आणि झालेला जॉब परत वाकून दुसऱ्या बिनमध्ये ठेवतो. तुमच्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून अँगलचे स्टँड बनवून घ्या, बिनचा तळ मांडीच्या उंचीला येईल असे. आठवड्याचं काम आहे. उभ्यानं काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा टेकायला बसायची सोय द्यावी, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ४४ मध्ये लिहिलेलं होतं. तरी स्टूल दिसलं की सुपरवायझर ते उचलून नेतो.

तिथलीच आणखी एक गोष्ट, जी कुणाच्याच लक्षात येत नाही : चष्मा. इन्स्पेक्शनला बसलेली तुमची सगळ्यात अनुभवी माणसं पंचेचाळीस-पन्नाशीची असतील. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) हात लांब करून, मान मागं नेऊन वाचत असतील तर त्यांना चाळिशी लागलीय आणि ते सांगत नाहीत, कारण 'नजर गेली' म्हटलं की जागा जाईल अशी भीती. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशीवरच्या साडेसातशे मजुरांवर एक प्रयोग झाला, २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. निम्म्यांना साधे जवळचे चष्मे दिले. त्यांची पानं खुडण्याची रोजची मजल चष्मा न दिलेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. तब्येतीवरचा इतका स्वस्त आणि लगेच दिसणारा खर्च मला दुसरा माहीत नाही. डोकेदुखी कमी होते, रिजेक्शनही कमी होतं.

हात धुण्याकडंही नजर टाका. कूलंट (मशीन थंड ठेवायचं द्रावण) आणि ऑइलनं माखलेले हात लोक डिझेलनं धुतात, आणि चिप्स अडकलेल्या वेस्ट कॉटननं पुसतात. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडलेला तो इसब तिथूनच येतो. बेसिनजवळ चांगला साबण ठेवा. संपला की त्याच दिवशी नवा.

संडास-मुतारीचा विषय मालकांना अवघड वाटतो, पण कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे बनवतात तिथं, बायका असतील तर तो टाळून चालणार नाही. स्वच्छतागृह लांब, अंधारं, कडी तुटलेली, पाणी नाही. मग बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. ओव्हनशेजारी, उन्हाळ्यात. त्यातून लघवीची जळजळ, ताप, आणि मासिक पाळीच्या दिवसांत सरळ खाडा. या ताया-मावश्या पुरुष डॉक्टरला हे सांगत नाहीत, आणि तुम्हाला तर मुळीच सांगणार नाहीत. नर्स किंवा बाई डॉक्टर महिन्यातून एकदा बोलवा. त्याच वेळी हिमोग्लोबिन तपासून घ्या : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. कडी, दिवा, पाणी, कचऱ्याचा झाकणाचा डबा आणि 'विचारून जायची गरज नाही' हा स्पष्ट शब्द. यातलं काहीही कुठल्या पॅकेजमध्ये येत नाही.

खाड्यांबद्दल. तुमच्याकडं हजेरी बोनस आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्या औद्योगिक पट्ट्यात सगळीकडंच असतो. महिन्यात एकही खाडा नाही तर हजार-दीड हजार, एक खाडा पडला की सगळे गेले. म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाला तुम्ही कामावर यायचे पैसे देताय. तो येतो, मशीनवर डुलकी घेतो, लॉकर रूममध्ये चौघांना ताप देतो, आणि चौथ्या दिवशी आडवा होऊन पंधरा दिवस येत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, तेव्हा मुकादमाकडून खाड्याला लागणारा दंड हेही एक कारण म्हणून पुढं आलं होतं. तुमची गोष्ट त्या टोकाची नाही, पण जात तीच. बोनस रद्द करू नका; त्या पैशावर घरभाडं भागतं. तीन महिन्यांच्या हजेरीवर द्या, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरची आजारपणाची रजा त्यातून वगळा. सुरुवातीला खोट्या चिठ्ठ्या थोड्या येतील. येऊ देत.

ओटीचं गणित जास्त अवघड आहे, आणि इथं मी शहाणपणा शिकवणार नाही. ओटी कमी केली की आधी नाराज होतात ते कामगारच, कारण मूळ पगारात घर चालत नाही. पण काही रेषा आखता येतात. डबल पाळी कुणालाही, कधीही नाही, रिलीव्हर (पुढच्या पाळीचा माणूस) आला नाही तरी. आठवड्याची सुट्टी विकत घ्यायची नाही. दोन पाळ्यांमध्ये किमान अकरा तास. पाळ्या फिरवताना सकाळ, दुपार, रात्र याच क्रमानं. उलटं फिरवलं की झोप बसत नाही. आठवड्यानं फिरवायच्या की दोन-तीन दिवसांनी, यावर डॉक्टरांतही मतभेद आहेत. तुमच्याच लोकांना विचारा, कारण घरची पोरं, शेती, दूध घालायची वेळ त्यांनाच माहीत. फिट (अपस्माराचे झटके) येणारा माणूस आणि इन्शुलिनवरचा माणूस रात्रपाळीत फर्नेसवर नको. पण हे कळायला त्यानं आजार सांगितला पाहिजे, आणि तो सांगेल की नाही हे पुढच्या मुद्द्यावर अवलंबून आहे.

तपासणी. ती करायचीच, नव्या कामगार संहितेनं ठरावीक वयाच्या आणि वर्गाच्या कामगारांची मोफत वार्षिक तपासणी मालकावरच टाकली आहे, नेमके नियम तुमच्या फॅक्टरी कन्सल्टंटकडून बघून घ्या. पण 'बहात्तर टेस्ट'च्या पॅकेजच्या नादी लागू नका. सगळ्यांना रक्तदाब, साखर, कंबरेचा घेर, लांबची-जवळची नजर आणि तोंडाच्या आतून बॅटरीनं तपासणी. धुळीतल्यांना छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसांची तपासणी). आवाजातल्यांना ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), तीही पाळी सुरू व्हायच्या आधी शांत खोलीत; कॉम्प्रेसर रूमच्या भिंतीला टेबल लावून केलेले कानांचे रिपोर्ट मी पाहिलेत, ते रद्दी. बीपी घ्यायच्या आधी माणूस पाच मिनिटं शांत बसलेला हवा, अर्धा तास चहा-तंबाखू नको. रांगेत धक्के खात आलेल्याचा १५० निघाला म्हणून तो रोगी ठरत नाही, आणि हसून सोडून द्यायचा आकडाही तो नाही. परत बोलवायचं.

खरं काम आकडा निघाल्यावर सुरू होतं आणि शिबिरं तिथंच संपतात. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींच्या वर लोकांना मधुमेह आहे आणि ३५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब. म्हणजे तुमच्या १८० जणांत तुम्हाला हमखास काही डझन सापडतील. त्यांचं पुढं काय? बहुतेकांना औषध ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या, दवाखान्यात फुकट मिळतं. पण तिथं रांगेत सकाळ जाते, म्हणजे एक रोज जातो आणि हजेरी बोनसही. महिन्याच्या फुकट गोळ्यांची किंमत ही अशी पडते. म्हणून माणूस तीन महिने गोळ्या घेतो, बरं वाटतं, सोडतो, आणि मग एक दिवस छातीत दुखतं. महिन्यातून अर्धा दिवस पगारी सुट्टी 'दवाखान्यासाठी' म्हणून द्या. शिवाय एखादा डॉक्टर पंधरवड्याला दोन तास येईल अशी सोय करा, आणि त्याच्याकडं एक वही असू दे : कोण आला, कोण नाही आला, न आलेल्याला कुणी फोन केला.

ती वही डॉक्टरच्या कपाटात राहील, एचआरच्या नाही. यावर मी अडून बसतो. मालकाला डॉक्टरनं तीनच शब्द द्यायचे : फिट, अटींसह फिट, तात्पुरता अनफिट. अट काय ते लिहायचं, आजार लिहायचा नाही. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदाच भेदभावाला आणि परवानगीशिवाय माहिती फोडायला मनाई करतो. साखर-बीपीबाबतही तीच पद्धत ठेवा. एका ठेकेदारी माणसाला 'शुगर निघाली' म्हणून गेटवरून परत पाठवलं, की पुढच्या वर्षी सगळी शेड आदल्या रात्री उपाशी राहून, मित्राच्या गोळ्या खाऊन तपासणीला येते. मग रिपोर्ट उत्तम, आणि अटॅक चालूच.

अटॅकवरून आठवलं, रात्री अडीचला छातीत दुखलं तर तुमच्याकडं कोण काय करतं? बहुतेक ठिकाणी 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा पाजतात आणि बाकड्यावर निजवतात. गाडी काढायची परवानगी मागायला मॅनेजरला फोन करतात, तर तो लागत नाही. एक कागद करून भिंतीवर लावा : १०८ चा नंबर, अँजिओप्लास्टी चोवीस तास होते असं जवळचं हॉस्पिटल कोणतं आणि त्याचा फोन, गाडीची किल्ली कुठं, आणि 'शिफ्ट सुपरवायझरला कुणाची परवानगी लागत नाही' हे ठळक अक्षरात. प्रत्येक पाळीत दोघांना छाती दाबून सीपीआर द्यायचं प्रशिक्षण. ॲस्पिरिनची गोळी प्रथमोपचार पेटीत ठेवायची का, कुणाला चघळायला द्यायची, हे तुमच्या डॉक्टरकडून लेखी घ्या. ॲलर्जी किंवा रक्तस्राव असलेल्याला ती चालत नाही.

तंबाखूवर दंड लावू नका. लोक लपवतात, एवढंच. तंबाखू आणि मास्क यांचं जमत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही : गालात बार भरलेला माणूस थुंकायला दर पाच मिनिटांनी मास्क खाली ओढतो. कोअर शॉपमधल्या बायकांना मशेरीबद्दल वेगळं विचारा, त्या तिला तंबाखू धरतच नाहीत. सोडायचं म्हणणाऱ्याला डॉक्टर, निकोटिनची च्युइंग गम आणि १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन. आणि केबिनमधली तुमची स्वतःची सिगारेट बंद, ती काचेतून दिसते.

कँटीनमध्ये दोनच बदल सुचवतो. चहा बिनसाखरेचा आणा, साखर बाजूला ठेवा. रात्रपाळीला वडापावऐवजी उसळ-भाकरी किंवा अंडी. 'हेल्दी मेनू'चे बोर्ड लावायला जाऊ नका. डबा खायला मात्र धुळीपासून बाजूला, पंखा आणि बेसिन असलेली खोली हवीच. दीडशेच्या वर कामगार असले की ती कायद्यानंही लागायची.

मनाच्या आरोग्यावर तुम्ही विचारलं नाही. कर्ज, दारू, घरातली भांडणं घेऊन माणसं येतात, आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर लॉकर रूममध्ये लावलेला बरा. पण शेडमध्ये चारचौघांत आईवरून शिव्या देणारा एखादा सुपरवायझर असेल तर आधी त्याच्याकडं बघा. व्हाइटहॉलचं जे सांगितलं ते इथं लागू पडतं.

पैशाचं म्हणाल तर क्रम असा ठेवा : एक्झॉस्टची दुरुस्ती आणि व्हॅक्यूम, मग स्वच्छतागृह आणि पाणी, बिनचे स्टँड, चष्मे, पंधरवड्याचा डॉक्टर. चार लाखांत एका वर्षात सगळं बसणार नाही. एक्झॉस्ट नवाच बसवायचा असेल तर तोच बजेट खाईल, आणि तरी आधी तोच. ईएसआयचे पैसे तुम्ही आधीच भरताय : महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी तुमचा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. त्या बदल्यात आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, टीबीसारख्या दीर्घ आजारात त्याहून जास्त काळ आणि ८० टक्के दरानं. तुमच्या किती लोकांना हे माहीत आहे? ठेकेदारानं त्याच्या माणसांचे ईएसआय नंबर खरंच काढलेत का, हे याच आठवड्यात चलनं मागवून तपासा. तो भरत नसेल तर जबाबदारी फिरून मुख्य मालकावर, म्हणजे तुमच्यावरच येते.

नॉकआउट शेडच्या आत आहे की बाहेर, फेटलिंगला किती लोक कितव्या वर्षापासून आहेत, आणि सध्याच्या एक्झॉस्टची मोटर किती एचपीची आहे, एवढं कळवलंत तर धुळीबद्दल याहून नेमकं सांगता येईल. शक्य झालं तर त्या फेटलर लोकांचे जुने एक्स-रेही शोधून ठेवा.